कपटाने मिळवलेला घटस्फोट

कपटाने मिळवलेला घटस्फोट म्हणजे न्यायालयाची किंवा जोडीदाराची फसवणूक करून प्राप्त केलेला विवाहविच्छेदाचा हुकूमनामा. भारतीय कायद्यानुसार कपटाने मिळवलेला हुकूमनामा बंधनकारक ठरत नाही. मात्र कपटाचा आरोप न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो. तोपर्यंत व्यवहारात तो हुकूमनामा अस्तित्वात असल्याचे मानले जाते.

कपटाचे प्रकार

खोटा पत्ता देऊन जोडीदारापर्यंत समन्स पोहोचू न देणे व एकतर्फी हुकूमनामा मिळवणे, कागदपत्रांचे स्वरूप लपवून सही घेणे, तसेच वास्तव्याविषयी खोटे कथन करणे हे याचे प्रमुख प्रकार होत. पती-पत्नीने संगनमताने न्यायालयाची दिशाभूल करणे हा प्रकार वेगळा आहे. काही लाभासाठी घेतलेला 'कागदोपत्री' घटस्फोटही हुकूमनामा कायम असेपर्यंत घटस्फोटच असतो. एकत्र राहत असले तरी ते दोघे कायद्याने पती-पत्नी राहत नाहीत.

कायदेशीर तरतुदी

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब समाविष्ट झाले व परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय झाली. त्याच दुरुस्तीने कलम २३ मध्ये अशी अट आली की, ही संमती बळजबरीने, कपटाने किंवा गैरवाजवी दडपणाने मिळवलेली नाही याची न्यायालयाने खात्री करून घ्यावी. विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम ३४ मध्येही अशीच तरतूद आहे. संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकून असली पाहिजे आणि तत्पूर्वी ती एकतर्फी मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश (१९९१) या खटल्यात ठरवले.

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ४४ नुसार विरुद्ध पक्षाने दाखल केलेला निकाल कपटाने मिळवला असल्याचे दाखवून देता येत असे. हीच तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३८ मध्ये आहे. परदेशी निकालाबाबत दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ लागू होते.

महत्त्वाचे निवाडे

सत्या विरुद्ध तेजा सिंग हा या विषयातील मार्गदर्शक निवाडा होय. १९५५ मध्ये जालंधर येथे विवाह झाल्यानंतर पती १९५९ मध्ये अमेरिकेस गेला. पत्नीने १९६५ मध्ये पोटगी मागितली, तेव्हा त्याने नेवाडा राज्यातील न्यायालयाचा १९६४ चा घटस्फोट पुढे केला. वस्तुतः त्याचे शिक्षण व नोकरी यूटा राज्यात होती. नेवाडातील अधिवासाचे कथन खोटे असल्याने तो घटस्फोट भारतात बंधनकारक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिला व पत्नीची पोटगी कायम झाली. पुढे सरन्यायाधीश झालेले पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी हा निवाडा लिहिला.

एस. पी. चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ (१९९३) हा खटला मालमत्तेचा होता. न्यायालयाशी कपट करून मिळवलेला हुकूमनामा शून्य असून त्यास कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येते, हे तत्त्व त्यात मांडले गेले.

दाद मागण्याचे मार्ग

एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ नुसार त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. त्याची मुदत ३० दिवस असते. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार संमतीच्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील होत नाही. म्हणून संमतीच कपटाने घेतल्याची तक्रार सामान्यतः हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयापुढे मांडली जाते.

अर्ज कोठे करता येतो, हे विवाहाचे ठिकाण व पक्षकारांचे वास्तव्य यांवर ठरते. नवी मुंबई परिसरातील वाशी, नेरूळ व बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर व पनवेल रायगड जिल्ह्यात आहेत. त्यामुळे एकाच शहरी परिसरातही वास्तव्याचा खरा पत्ता महत्त्वाचा ठरतो.

परिणाम

हुकूमनामा रद्द झाल्यास मूळ विवाह कायम असल्याचे मानले जाते आणि दरम्यान केलेल्या दुसऱ्या विवाहाची वैधता धोक्यात येते. तथापि दुसरा विवाह शून्य ठरला, तरी त्यातील अपत्ये हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ नुसार औरसच मानली जातात.