वखारीतल्या आयाबाया

निपाणी म्हटले की तंबाखू आठवतो, आणि तंबाखू म्हटले की व्यापारी, पेठ आणि भाव. 6 एप्रिल 1981 हा दिवसही आपण विसरलेलो नाही. रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. मात्र तोच तंबाखू वखारीत आल्यावर ज्यांच्या हातांखालून जाई, त्या बायकांविषयी आम्ही सीमाभागातील मंडळींनी फारसे लिहिले नाही.

तंबाखू कुटणे, चाळणे, पाखडणे, विडीसाठी जर्दा वेगळा करणे ही कामे बायकांची. नाकातोंडाला फडके बांधले तरी धूळ आत जाई. खोकला आणि डोळ्यांची आग रोजचीच. 1956 साली निपाणी म्हैसूर राज्यात गेली. भाषेचा वाद बाहेर चाले, वखारीत मराठी आणि कानडी बाईच्या हातात चाळण सारखीच होती.

1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. पन्नासाहून अधिक बायका कामाला असतील तेथे पाळणाघर हवे, असेही सांगितले. पण कायदा वखारीच्या दारापर्यंत आणायला संघटनाच लागली. 1980 च्या सुमारास या बायका एकत्र आल्या. मजुरी, कामाचे तास आणि मुकादमाकडून होणारा त्रास यांविषयी उघड बोलू लागल्या, संपावर गेल्या. ‘युगांतर’ या महिला गटाने 1982 मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा चित्रपट केला. त्यात त्या आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगतात.

सणवारही याच बायकांनी सांभाळले. दिवसभर धुळीत राबून आलेली बाई आंघोळ करी, गौरीपुढे रांगोळी घाली, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवी आणि रात्री शेजारणींबरोबर झिम्मा-फुगडीत उभी राही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वखार. हाताचा तंबाखूचा वास सणालाही जात नसे.

आपल्या उत्सवाच्या वर्गणीत या कष्टाचा पैसा होता, पण पावती बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावाने फाटली. त्या पिढीतल्या काही आज्या अजून आपल्यात आहेत. यंदा गौरी-गणपतीला घरी जाल तेव्हा त्यांच्याजवळ घटकाभर बसा, त्यांचे बोलणे लिहून घ्या. पुढच्या स्मरणिकेत ते त्यांच्याच नावाने छापू.