बाळाची टाच आणि नर्सचे हात

आज आपण चेन्नईला जाऊ, एग्मोर भागात. इथलं सरकारी प्रसूती रुग्णालय 1844 सालचं. 1854 मध्ये मद्रास सरकारनं सुईणींना रीतसर शिकवायला शाळा मंजूर केली. 1871 मध्ये जनरल हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा निघाली. आपल्या देशातल्या नर्सिंग शिक्षणाची गोष्ट सांगताना मद्रासपासूनच सुरुवात करावी लागते.

पण एक धडा त्या काळी इथे काय, जगात जवळजवळ कुठेच शिकवला जात नव्हता. तो म्हणजे, नुकत्या जन्मलेल्या बाळाला दुखतं.

तुम्ही म्हणाल, यात शिकवायचं काय? कुठलीही आजी सांगेल! खरंय. पण विसाव्या शतकातल्या वैद्यकशास्त्राची समजूत वेगळी होती. बाळाचा मेंदू अजून तयार झालेला नाही, त्याचं रडणं ही नुसती प्रतिक्रिया, वेदना नव्हे, असं मानलं जाई. शिवाय भूल दिली तर इतकं लहान बाळ दगावेल, ही भीती होतीच. ती अगदीच खोटी नव्हती. 1985 साली अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळची शस्त्रक्रिया झाली, तीही फक्त स्नायू लुळे करणारं औषध देऊन. बाळ हलू शकत नव्हतं, एवढंच. पुढे ते बाळ गेलं. आईला हे सगळं नंतर कळलं, आणि ती गप्प बसली नाही.

समजूत मोडणारा माणूस मात्र इंदूरचा निघाला. आपल्या होळकरांचं इंदूर! तिथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले कंवलजीत सिंग आनंद रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. ऑपरेशनहून परतणारी बाळं इतकी खालावलेली का दिसतात, हा त्यांचा प्रश्न. 1987 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. फक्त 16 बाळं. आठ जणांना नेहमीच्या औषधांसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, आठ जणांना दिलं नाही. ज्यांना दिलं नाही, त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त वाढली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नवजातांनाही भूल द्यावी, असं म्हटलं.

ऑपरेशनचा प्रश्न असा मार्गी लागला. पण रोजच्या सुयांचं काय? पॅरिस परिसरातल्या 430 बाळांचा अभ्यास 2008 मध्ये छापून आला. अतिदक्षता विभागात एकेका बाळावर दिवसाला साधारण 10 वेदनादायक प्रक्रिया होत होत्या, आणि बहुतेक वेळा आधी काहीही दिलं जात नव्हतं. टाचेतून रक्त घेणं, सलाईनची शीर शोधणं, नाकातून नळी घालणं. यातलं बरंचसं काम नर्सच्या हातून होतं. म्हणून मला वाटतं, या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग नर्सच्या प्रशिक्षणाचा आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो.

त्यात शिकवतात काय? आधी बघायला. चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि जागेपणा, या सहा गोष्टींना गुण देणारी ‘निप्स’ नावाची मोजपट्टी आहे. अशक्त बाळ रडतच नाही. शांत पडलंय म्हणजे दुखत नाही, असा अर्थ काढायचा नाही. मग हातांचं काम. बाळाचे हातपाय पोटाशी दुमडून हलकेच धरणं, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं, अंगावर पाजता पाजता सुई टोचणं. किंवा सुईच्या दोनेक मिनिटं आधी जिभेवर साखरेच्या द्रावणाचे मोजून थेंब. (हे दवाखान्यातच, बरं का! घरी मध चाटवायला जाऊ नका, वर्षाच्या आतल्या बाळाला तो घातक ठरू शकतो.)

चेन्नईतल्या गिंडीच्या डॉ. एमजीआर वैद्यकीय विद्यापीठाकडे नर्सिंगच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे असे कितीतरी प्रबंध आहेत. कुणी हातपाय दुमडून धरण्याचा परिणाम तपासला, कुणी स्तनपानाचा. म्हणजे ज्ञान इथे आहे. अडतं ते वॉर्डात. टाच टोचायला दोन हात लागतात, बाळाला धरायला आणखी दोन. एका नर्सकडे अनेक बाळं असली की हे जादाचे दोन हात आणायचे कुठून?

हे हात दाराबाहेर बसलेल्या आईकडे असतात. तिला आत घ्यायचं, हात धुवायला लावायचे आणि बाळ कसं धरायचं हे दाखवायचं, हेही आता नर्सलाच शिकवावं लागतं.