पाठ, आख्यान आणि नायकाची मर्यादा



आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाचा माणूस आणि सुपरहिरोच्या सिनेमावर काय बोलणार? (हशा) पण समोर तरुण मंडळीही दिसतात. त्यांना विचारा, चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये, निगडीच्या हॉस्टेलवर रात्री दोन वाजेपर्यंत वाद कशावर चालतो? राजकारणावर कमी आणि 'पुस्तकातला तो पिक्चरमध्ये तसा नव्हताच' यावर जास्त. मला हा वाद पोरकट वाटत नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासातली दोन महत्त्वाची ठिकाणं, आळंदी आणि देहू, आपल्या अगदी शेजारी आहेत. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात परदेशातल्या उदाहरणाने करू. ॲलन मूर या लेखकाने आणि डेव्ह गिबन्स या चित्रकाराने १९८६-८७ मध्ये 'वॉचमेन' नावाची चित्रकथा बारा अंकांत प्रसिद्ध केली. पुढे ती एका पुस्तकात आली आणि ग्राफिक नॉव्हेल म्हणजे काय, याचा नमुनाच ठरली. काळ शीतयुद्धाचा, अणुयुद्ध दाराशी येऊन ठेपलेलं. मुखवटे घालणारी माणसं यात आहेत, पण ती थकलेली, विकृत, गोंधळलेली. मुखवटा घातल्याने माणूस न्यायी होतो का, हा त्या पुस्तकाचा प्रश्न. शेवटी त्यातला सगळ्यात हुशार माणूस न्यूयॉर्कवर एक प्रचंड, आठ पायांच्या समुद्रप्राण्यासारखा राक्षस सोडतो. लाखो माणसं मरतात. परग्रहावरून हल्ला झाला असं समजून महासत्ता एकमेकांवरचं पिस्तूल खाली ठेवतात. लाख मारून कोटी वाचवले तर ते बरोबर की चूक? आमच्या नीतिशास्त्राच्या तासाला हाच प्रश्न वर्षानुवर्षं फळ्यावर असतो.

२००९ साली झॅक स्नायडर यांनी त्यावर सिनेमा केला. मूर यांनी त्यावर आपलं नाव लावू दिलं नाही. स्नायडर यांनी कितीतरी दृश्यं पुस्तकातल्या चौकटींवरून हुबेहूब उभी केली. बदलला तो शेवट. राक्षस गेला. त्याच्या जागी जगातल्या अनेक शहरांत स्फोट आले आणि दोष डॉक्टर मॅनहॅटन या पात्रावर आला. झालं! चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणाला, राक्षस काढला म्हणजे पुस्तकाचा गळाच घोटला. दुसरा म्हणाला, पडद्यावर तो हास्यास्पद दिसला असता, नवा शेवट जास्त सुटसुटीत आहे. पुढे २०१९ मध्ये आलेल्या टीव्ही मालिकेने तर तो राक्षस पुन्हा खरा धरला. म्हणजे वाद दहा वर्षांनीही जिवंत होता.

आता जरा मागे जाऊ. चारशे वर्षांहून मागे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ. स. १२९०ची. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होत गेल्या. नकलाकार चुका करत, कुणी पदरच्या ओव्या घालत. एकनाथ महाराजांना हे खुपलं. आख्यायिका अशी की नाथांचा घसा दुखत होता, स्वप्नात ज्ञानदेव आले आणि म्हणाले, आळंदीत अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती काढ. नाथ आळंदीला आले. आख्यायिका बाजूला ठेवा. इतिहास असा की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी अनेक पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कुणी स्वतःची ओवी घालू नये, अशी कडक ताकीद दिली.

आता गंमत बघा. हेच नाथ 'भावार्थ रामायण' लिहायला बसतात तेव्हा काय करतात? वाल्मीकींचं शब्दशः भाषांतर करतात का? मुळीच नाही. प्रसंग फुलवतात, विनोद आणतात, राम-रावणाचा अर्थ आपल्या काळाला लावून दाखवतात. नाथांच्या हातून ते पूर्ण झालं नाही, उरलेला भाग गावबा या शिष्याने पुरा केला अशी परंपरा आहे. पुढे मोरोपंतांनी तर एकशे आठ रामायणं रचली म्हणतात. कुणी त्यांना विचारलं नाही की पंत, हे मुळाशी प्रामाणिक आहे का?

मग नाथ दुटप्पी होते का? नाही. त्यांना एक भेद ठाऊक होता, जो आपले आजचे चाहते विसरतात. पाठ वेगळा आणि आख्यान वेगळं. पाठ म्हणजे ज्ञानदेवांचे शब्द, ज्ञानदेवांच्या नावावर. तिथे एक अक्षर हलवायचं नाही. आख्यान म्हणजे तीच कथा मी माझ्या नावावर, माझ्या जबाबदारीवर सांगतो. तिथे मला मोकळीक आहे. कीर्तनाला बसणाऱ्या आपल्या आजीला हा भेद कुणी शिकवावा लागला नव्हता. उत्तररंगात बुवांनी कथा रंगवली तर ती रंगून ऐकायची, पण अभंगातला शब्द चुकला की जागच्या जागी दुरुस्त करायची!

सिनेमा हे आख्यान आहे. पुस्तक शाबूत आहे, कपाटात आहे. तेव्हा 'राक्षस का काढला' ही तक्रार आख्यानाला पाठाचा कायदा लावणारी आहे. ती टिकत नाही.

पण मग काहीही चालेल का? इथे देहूला जाऊ या.

१९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' काढला. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून अधिक चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातले चमत्कार आठवा. इंद्रायणीत बुडवलेली गाथा वर येते. शेवटी आकाशातून विमान उतरतं आणि तुकोबा सदेह वैकुंठाला जातात. आजच्या भाषेत बोलायचं तर भरपूर स्पेशल इफेक्ट्स. (हशा) सदेह वैकुंठगमन मानायचं की नाही, हा वाद महाराष्ट्रात सिनेमाच्या आधीपासून होता आणि आजही आहे.

याच सिनेमासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा झाला की लोक तो गाथेत शोधू लागले. आता आपला भेद लावून बघा. हा अभंग सिनेमात आहे तोवर ते आख्यान आहे, आणि सुंदर आख्यान आहे. तोच गाथेत छापला गेला असता तर ते क्षेपक झालं असतं. आठवल्यांनी तो आपल्या नावावर ठेवला, म्हणून प्रश्न मिटला. आणि त्याच सिनेमातला खलनायक सालोमालो काय करतो? तुकोबांची कविता आपल्या नावावर खपवतो! पाठ चोरणारा खलनायक आणि आख्यान रचणारा कवी एकाच चित्रपटात आहेत.

पण मला पुढचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. चमत्कार न मानणारा माणूसही हा सिनेमा बघून हलतो. का? कारण विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा स्वतः एकही चमत्कार 'करत' नाही. चमत्कार त्याच्या बाबतीत घडतात. तो असतो कर्जात बुडालेला, बायकोचं बोलणं खाणारा, गांगरलेला वाणी. त्याची असहायता सिनेमाने कुठेही काढून घेतली नाही. आणि विमान आल्यावरही जिजाई जमिनीवरच राहते, घरात, पोराबाळांत. तिच्यामुळे ते विमानसुद्धा देहूच्या मातीला बांधलेलं राहतं.

इथून मला एक कसोटी मिळते. नायक कशाने ओळखायचा? तो काय करू शकतो यावरून आपण ओळखतो असं आपल्याला वाटतं. माझं म्हणणं, तो काय करू शकत नाही यावरून त्याची ओळख ठरते. आपल्या भाषेने हे फार पूर्वी सांगितलंय. रामाला आपण 'सर्वशक्तिमान' म्हणून हाक मारत नाही, 'मर्यादापुरुषोत्तम' म्हणतो. आख्यानकाराने प्रसंग बदलावेत, शेवट बदलावा, काळ बदलावा. नायकाची मर्यादा काढून घेतली की मात्र नाव तेच राहतं आणि माणूस दुसरा होतो.

ही कसोटी 'वॉचमेन'ला लावा. राक्षस गेला याने काही बिघडलं नाही. लाखांच्या बदल्यात कोटी, हा प्रश्न नव्या शेवटातही जसाच्या तसा उरतो. बिघडलं ते मारामारीत. पुस्तकातली माणसं मध्यमवयीन, ढेरपोटी, धाप लागणारी. सिनेमात ती संथ गतीने, दिमाखात हाडं मोडतात आणि आपण टाळ्या वाजवतो. मुखवट्याची शंका घेणारी कथा मुखवट्याची जाहिरात होऊन बसते. चाहते आठ पायांच्या प्राण्यावरून भांडत बसले आणि खरा बदल त्यांच्या डोळ्यांदेखत निसटला.

आता घरचं उदाहरण. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. हा चित्रकथेतला नव्हे, गोष्टीच्या पुस्तकांतला, पण मराठी मुलांना सुपरहिरो तोच. बनेश फेणे, गाव फुरसुंगी, शिकायला पुण्यात विद्याभवनमध्ये. काटकुळा, सायकलवर सुसाट, तोंडाने 'ट्टॉक'. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला वेताळ तेव्हा मराठीत मिळत होता, पण वेताळ जंगलातला राजा. फेणे आपल्यातला, गावाकडून शहरात आलेला. १९५४ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एकामागून एक कारखाने आले, आणि राज्यभरातून माणसं इथे आली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या चार गावांची १९७०ला नगरपालिका झाली, १९८२ला महानगरपालिका. त्या कामगारांची पोरंही फेणेसारखीच गावातून शहरातल्या शाळेत आलेली. त्यांना तो जवळचा का वाटला, हे वेगळं सांगायला नको.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, त्यात सुमीत राघवन फेणे झाला. तेव्हा फेणे मुलगाच होता. २७ ऑक्टोबर २०१७ला आदित्य सरपोतदार दिग्दर्शित सिनेमा आला. अमेय वाघचा फेणे आता तरुण, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला आणि त्या परीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लागलेला. दिलीप प्रभावळकर चक्क भा. रां.च्या भूमिकेत. योगायोग बघा, त्याच महिन्यात फुरसुंगी पुणे महापालिकेत घेतलं गेलं. फेणेही मोठा झाला आणि त्याचं गावही शहर झालं!

वाद झालाच. एक पक्ष म्हणाला, आमचा फेणे मोठा कशाला केलात? दुसरा म्हणाला, ती पुस्तकं वाचणारे आता चाळिशी-पन्नाशीचे झाले, आणि प्रवेशपरीक्षेचा घोटाळा हा आजच्या पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला पटतं. आख्यान म्हणून तो सिनेमा प्रामाणिक आहे. मूळ लेखकाला पात्र म्हणून समोर बसवून तो सांगतोच, हे तुमचं, आणि हे आमचं.

पण कसोटी लावा. फेणेची मर्यादा कोणती? ताकद नाही, पैसा नाही, हे तर आहेच. खरी मर्यादा म्हणजे वय. मोठी माणसं त्याचं ऐकत नाहीत, कारण तो पोरगा आहे. त्याला खरं दिसतं आणि ते पटवून देण्याचा अधिकार मात्र नसतो. सगळ्या साहसांचं इंजिन तिथे आहे. वीस वर्षांच्या तरुणाचं म्हणणंही मोठे ऐकत नाहीत, कबूल. पण त्याचं न ऐकणं आणि दहा वर्षांच्या मुलाचं न ऐकणं यांत फरक आहे. तरुण पोलीस ठाण्यात जाऊन भांडू शकतो. मुलाला तिथून 'जा, अभ्यास कर' म्हणून परत पाठवतात.

कुणी म्हणेल, मुलाला नायक करून आज सिनेमा चालत नाही. तर २०१४चा परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' आठवा. पंढरपूरचा ज्ञानेश, वडिलांनी भंगारातून बनवलेली सायकल, आईवरचं कर्ज. त्या पोराकडे काहीच नाही आणि मोठ्यांचे व्यवहार त्याच्या डोक्यावरून चाललेत. सायकलवरच्या मुलाची जागा त्या सिनेमाने राखली. प्रेक्षकही आले.

म्हणून सांगतो, इथे काहीतरी पणाला लागलेलं आहे. जुन्या वाचकांच्या आठवणी दुखावल्या, हे लहान दुःख आहे. आठवणी पुस्तकात सुरक्षित आहेत. आज चिखलीत, मोशीत, चाकणमध्ये जी दहा वर्षांची पोरं वाढताहेत, आईवडील दोन पाळ्यांत, भाषा घरी एक आणि शाळेत दुसरी, त्यांना 'मोठे ऐकत नाहीत तरी मला दिसतंय ते खरं आहे' हे सांगणारा नायक कोण देणार? आपले नायक आपल्याबरोबर मोठे होत गेले, तर मुलांची खुर्ची रिकामी राहते. तिथे मग बाहेरून कुणीतरी केपवाला येऊन बसतो. त्याला माझी ना नाही, फक्त तो यांचं काहीच न ऐकता उडून जातो. (हशा)

तेव्हा तरुण मित्रांनो, भांडा जरूर. पण पुढच्या वेळी तीन गोष्टी विचारा. बदल पाठात केलाय की आख्यानात? तो कुणी आपल्या नावावर, उघडपणे केलाय का? आणि नायकाची मर्यादा शिल्लक आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा लगेच मिळतात. तिसऱ्यावर मात्र रात्रीचे दोन वाजतील, आणि वाजावेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.