बँकेंतील चिटणीस आणि नदीकांठचे प्राणी

१९०३ सालच्या नोव्हेंबरांत बँक ऑफ इंग्लंडच्या लंडन येथील इमारतींत एका अनोळखी इसमानें पिस्तूल काढून चिटणिसांवर गोळ्या झाडल्या. नेम चुकला व चिटणीस बचावले. हे चिटणीस म्हणजे केनेथ ग्रॅहॅम. पांच वर्षांनीं, १९०८ सालीं, त्यांनींच मोल, पाणउंदीर, बॅजर आणि मोटारींचें वेड लागलेला टोड यांची 'द विंड इन द विलोज' ही कथा प्रसिद्ध केली.

पंचतंत्रांतील कोल्ह्या-सिंहांवर वाढलेल्या आम्हां वाचकांस हें पुस्तक आरंभीं थोडें चमत्कारिक वाटतें. येथें प्राणी नीति शिकवीत नाहींत. फराळाची टोपली घेऊन ते होडींत बसतात. मग या मंडळींस हवें तरी काय? आमच्या मतें, त्यांस घर हवें आहे. मोलला आपल्या जुन्या बिळाचा वास येतो तो प्रसंग वाचावा, म्हणजे आम्ही काय म्हणतों तें कळेल.

याचें मूळ ग्रॅहॅम यांच्या बाळपणांत असावें. १८५९ त एडिंबरो येथें जन्मलेल्या या मुलाची आई तो पांच वर्षांचा असतांनाच वारली, आणि भावंडांसह तो थेम्सच्या परिसरांतील कुकम डीन येथें आजीकडे आला. पुस्तकांतील नदी ती हीच. पुढें ऑक्सफर्डच्या शाळेंत शिकून तेथील विद्यापीठांत जाण्याची त्याची फार इच्छा होती. चुलत्यांस तें मान्य झालें नाहीं, व १८७९ त बँकेंतील कारकुनी पदरीं आली.

१९०० सालीं ग्रॅहॅम यांस मुलगा झाला. हा ॲलस्टर एका डोळ्यानें अंध होता. त्याला रात्रीं सांगितलेल्या गोष्टींतून टोड जन्मला. १९०७ त आईबाप एकीकडे व मुलगा दुसरीकडे असतांना तीच गोष्ट पत्रांतून पुढें चालली, आणि मुलाच्या शिक्षिकेनें तीं पत्रें जपून ठेविलीं. बाप जवळ असता तर हें पुस्तक कागदावर उतरलेंच असतें कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

प्रथम टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें पुस्तक निरुपयोगी, असाहि शेरा पडला! अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं मात्र १९०९ त ग्रॅहॅम यांस कौतुकाचें पत्र धाडलें. १९२९ त मिल्न यांनीं टोडला रंगभूमीवर आणिलें. १९३१ च्या आवृत्तींत शेपर्ड यांचीं चित्रें आलीं.

हें पाहावयास ॲलस्टर नव्हता. ऑक्सफर्डमध्यें विद्यार्थी असतांना १९२० त आगगाडीखालीं त्याचा अंत झाला. चौकशींत तो अपघात ठरला. चरित्रकारांचा संशय निराळा आहे. ग्रॅहॅम १९३२ त वारले. पुस्तकाचें उत्पन्न त्यांनीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलियन ग्रंथालयास लिहून ठेविलें होतें.