नायट्यावर तरोट्याचा लेप : गुण किती, भ्रम किती?

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळल्या, की यवतमाळ जिल्ह्यात शेतांचे धुरे, रस्त्यांच्या कडा आणि पडीक जागा तरोट्याने भरून जातात. पश्चिम महाराष्ट्रात हीच वनस्पती टाकळा म्हणून ओळखली जाते. तिच्या कोवळ्या पानांची भाजी विदर्भात आवडीने खाल्ली जाते, तर बिया नायट्यावरील औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. आयुर्वेदातील तिचे नाव चक्रमर्द. 'दद्रुघ्न' म्हणजे नायट्याचा नाश करणारी, हे तिचेच दुसरे नाव.

नायटा अर्थात गजकर्ण हा बुरशीमुळे होणारा संसर्गजन्य त्वचारोग आहे. जांघ, काख, कंबर अशा घाम साचणाऱ्या जागी गोल चट्टा उमटतो. त्याची कड लालसर व उंचावलेली, तर मधला भाग निवळलेला असतो. घाम आला की खाज असह्य होते. ओले कपडे अंगावरच वाळवणारा शेतमजूर आणि दिवसभर घट्ट जीन्स घालून वावरणारा शहरी तरुण, दोघांनाही हा रोग सारखाच गाठतो.

तरोट्याच्या बिया ताकात वाटून चट्ट्यावर लेप देण्याची रीत आहे. ती निराधार नाही. या बियांतील क्रायसोफेनिक आम्लाच्या जातीची द्रव्ये बुरशीची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर प्रसिद्ध असलेल्या 'गोवा पावडर'मध्येही याच कुळातील द्रव्य होते. नाव गोव्याचे असले तरी ही भुकटी ब्राझीलमधील एका झाडापासून मिळे आणि पोर्तुगीजांमार्फत इकडे येई. ती कपड्यांवर डाग पाडी आणि त्वचाही भाजून काढी, हा भाग वेगळा!

मात्र प्रयोगशाळेतील गुण आणि अंगावरचा नायटा बरा होणे यांत मोठे अंतर आहे. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने धुणे किंवा करंजाचे तेल लावणे यामुळे काही काळ खाज शमू शकते. पण तेवढ्याने संसर्ग मुळापासून जाईल, असा भरवसा धरता येत नाही. लसूण चोळणे, लिंबू लावून उन्हात जाणे किंवा बिब्ब्याचे तेल लावणे हे प्रकार तर टाळलेलेच बरे. त्यांनी त्वचा भाजते आणि मूळ चट्टा ओळखणेही अवघड होते.

याहून घातक ठरते ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमाची ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशा अनेक मलमांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला अनेकदा दाद न देणारी बुरशीची प्रजाती भारतात पसरली असून २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव देण्यात आले. त्यामुळे उपचार काही आठवडे चालतात आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत ते थांबवायचे नसतात.

प्रत्येक खाज नायट्याची नसते, हेही ध्यानात घ्यावे लागते. चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर उठणारी खाज गाजरगवताची असू शकते. बोटांच्या बेचक्यात, रात्री वाढणारी आणि घरातील अनेकांना एकाच वेळी होणारी खाज बहुधा खरजेची. चट्ट्यावर खाज नाही, उलट स्पर्शच कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी; सरकारी रुग्णालयात त्याचे औषध मोफत मिळते.

कपाशीवर फवारणी केल्यानंतर होणारी आग व खाज हा तर वेगळाच विषय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा वेळी लेप लावण्यात वेळ न दवडता अंगावरचे कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. मळमळ, चक्कर, अंधुक दिसणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

नायटा झालेल्याचा टॉवेल, अंतर्वस्त्रे व चादर वेगळी ठेवावी, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. पावसाळ्यात ऊन मिळत नसेल, तर कपड्यांवर इस्त्री फिरवावी. घरातील आणखी कोणाला चट्टे असतील, तर त्यांचेही उपचार त्याच वेळी करावेत. अन्यथा एकाचा नायटा बरा होतो आणि महिन्याभरात दुसऱ्याकडून परत येतो.