एक थेंब रक्त आणि बरंच काही

"रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखा" टाईपचं मेल आजकाल महिन्यातून एकदा तरी येतंच. आमचे बाबा पंचवीस वर्षं तंबाखू खायचे, त्यामुळे मी ते डिलीट करत नाही. पण म्हटलं, पैसे भरायच्या आधी जरा इतिहास चाळून बघू.

सुरुवात १९५९-६० ची. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कला रक्तातलं इन्सुलिन मोजलं. अँटिबॉडी आपल्या ठरलेल्या प्रोटीनला चिकटते. किती चिकटलं, ते किरणोत्सारी खुणेवरून कळतं. यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन तोवर गेले होते. आपल्या वाशीत 'ब्रिट' या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेने थायरॉईडसाठी याच पद्धतीची किट्स बनवली.

अडचण एकच. एका टेस्टमध्ये एकच प्रोटीन! १९८३ मध्ये त्से वेन चँग यांनी एकाच काचेवर वेगवेगळ्या अँटिबॉडीजचे ठिपके लावायची कल्पना मांडली. म्हणजे सगळ्या टेस्ट केसेस एकाच रनमध्ये. हाच अँटिबॉडी मायक्रोअ‍ॅरे.

पण खरी परीक्षा २००१ ची. हाब, डनहॅम आणि ब्राऊन यांनी स्टॅनफर्डला ११५ जोड्या तपासल्या. काचेवरच्या अँटिबॉडीजपैकी जेमतेम २० टक्के नेमकं मोजत होत्या. काचेवर बसल्यावर काहींचा आकार बिघडतो, काही भलत्याच प्रोटीनला चिकटतात. चुकीच्या सर्चला हजार रिझल्ट्स यावेत, तसं.

आणि खारघर? तिथल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये सुरेखा झिंगडे यांच्या गटाने २००७ मध्ये उलटा रस्ता धरला. गाल-हिरड्यांचा कॅन्सर झालेल्यांच्या रक्तात कोणत्या प्रोटीन्सविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात, ते शोधलं. अल्फा-इनोलेज वगैरे नावांची यादी मिळाली. पण यादी म्हणजे टेस्ट नव्हे. निरोगी माणसात किंवा दुसऱ्या आजारात तीच खूण दिसली तर? ते हजारो लोकांवर तपासावं लागतं. मेलमध्ये नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

याउलट केरळमधल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल २००५ मध्ये आले. आरोग्यसेवकांनी फक्त उजेडात तोंड उघडून पाहिलं, तर तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

म्हणून तूर्तास आमच्याकडे दर सहा महिन्यांनी डेंटिस्ट. बाबा कुरकुरतात. कुरकुरू देत. तुमच्या घरी कुणी तंबाखूवालं असेल तर या वीकएंडला घेऊन जाच.