जीपवाली कंपनी, शाळा आणि रस्ता

गटाच्या मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "गाड्या विकणाऱ्या कंपनीला मुलींच्या शाळेचं काय पडलंय?" उत्तर शोधताना आम्ही पार १९४५ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणी झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं आणि पुढे जीपने तिला घरोघरी पोचवलं. आपण वडापला लोंबकळत बाजार केला, तो बहुतेक याच गाड्यांतून!

१९५३ मध्ये के. सी. महिंद्रा यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. याच ट्रस्टने १९९६ मध्ये 'नन्ही कली' सुरू केलं. गरीब घरातल्या मुलींनी दहावीपर्यंत शाळा सोडू नये म्हणून शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर त्यांचा अभ्यास घ्यायचा, शाळेचं साहित्य द्यायचं. शिकवायला बहुतेक त्याच भागातल्या बायका. हे आम्हाला फार आवडलं.

तेव्हा कायद्याची सक्ती नव्हती. ती आली १ एप्रिल २०१४ पासून. ठरावीक नफा, उलाढाल किंवा मालमत्ता असलेल्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामाला द्यायची. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने परिपत्रक काढून स्पष्ट केलं, की रस्ता सुरक्षेचं शिक्षण 'शिक्षण' या कलमात बसतं आणि चालकांचं प्रशिक्षण 'व्यवसाय कौशल्या'त. म्हणजे शाळा आणि रस्ता कागदावर एकाच रकान्यात आले.

२०१६ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 'सेव्ह लाइफ फाउंडेशन', रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी मिळून एकही मृत्यू होऊ नये असं काम हाती घेतलं. प्रत्येक अपघात का झाला ते तपासलं. कडेला थांबलेल्या ट्रकवर मागून आदळून किती जीव जातात ते दिसलं. कठडे बसवले, जखमींना लवकर दवाखान्यात पोचवण्याची सोय सुधारली. २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती, २०२० मध्ये ६६. आता २०२० हे टाळेबंदीचं वर्ष, गाड्याच कमी होत्या, हे धरायलाच हवं. पण घट त्याआधीच सुरू झाली होती.

मात्र त्या रस्त्यावर दुचाकीला आणि पायी माणसाला बंदी आहे. आपण तर पायी चालणाऱ्या, नाहीतर मागच्या सीटवर हेल्मेटशिवाय बसणाऱ्या. मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक ताई डेअरीला दूध घालून परतताना फाट्यावर ट्रकखाली येता येता वाचल्या; पाय अजून वाकत नाही. हायस्कूल रस्त्यापलीकडे, म्हणून आमच्या दोन घरच्या मुली सातवीनंतर घरीच बसल्या. फी नव्हती म्हणून नाही, ओलांडायची भीती म्हणून.

कंपनीकडे मागायचं तर वह्या आणि दप्तरं सगळेच मागतात. आम्ही ग्रामसभेत ठराव मांडला: फाट्यावर गतिरोधक, दिवा आणि शाळा सुटताना उभा राहणारा एक माणूस. अर्ज बांधकाम खात्याला दिला, एक प्रत जवळच्या कारखान्याला. पोच घेतली आहे. ती गटाच्या ठराव वहीत चिकटवली आहे. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा विचारायला जाणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी दहाच्या एसटीला फाट्यावर या, आणि रस्ता जपून ओलांडा.